पन्नास मीटर

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात
मी टेप घेऊन दारोदार फिरतो.
घराच्या भिंतीपासून पन्नास मीटर.
तेवढ्यात रान माजलेलं चालत नाही.
दोन निलगिरींच्या मधे दहा मीटर हवेत,
फांदी कौलांवर झुकलेली नको,
सरपण भिंतीला टेकलेलं नको.
आग लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ नये
म्हणून काढलेला कायदा.
मला पाठ आहे.
पटतोही.
पलीकडच्या डोंगरावर माझ्या मामाचं घर जळालं,
मामा वाचला,
पण तेव्हापासून तो कुठल्याच भिंतीला
पाठ टेकून बसत नाही.

व्हाल दा उर्झ. सतरा घरं,
सकाळी धूर पाचांतून.
शेवटच्या घराच्या पायरीवर
दोना एर्मेलिंदा, वय एक्याऐंशी,
इस्त्रीचा एप्रन, प्लास्टिकच्या पिशवीत कागद,
परीक्षेला आल्यासारखी उभी.
"सगळं केलंय साहेब. मोजा."

खरंच केलं होतं.
न्हाव्यानं भादरावं तसं गवत.
काटेरी झुडपं मुळासकट उपटून लांब नेऊन ठेवलेली,
ओंडके रचलेले, त्यांच्यावर पत्रा, पत्र्यावर दगड.
आणि अंगणात
एक ताजं खोड.
ताटाएवढं, आतून लालसर,
कडेनं डिंक सुटलेला.

"चेरी," ती म्हणाली.
"कागदावर झाडं म्हटलं होतं. पाच मीटर म्हटलं होतं.
ही तिनावरच होती.
पुतण्याला बोलावलं, त्यानं करवत आणली.
फुलली होती हो.
दोन दिवस थांब म्हटलं, फुलं गळू देत,
पण तारीख कुठं थांबते?"

मी कागद उलटला.
मागच्या बाजूला, अगदी तळाशी,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
निगा राखलेल्या बागेतल्या फळझाडांना हे लागू नाही.
मी वाचलं. मनात.
तिनं चष्मा लावला नव्हता.
"बरोबर आहे ना?"
"बरोबर आहे," मी म्हणालो,
आणि रकान्यात खूण केली.

मग टेप ओढत निघालो.
बावीस मीटरवर तिची जमीन संपते.
बांध. शेवाळलेले दगड.
पुढचे अठ्ठावीस मीटर अकरा वारसांचे.
दोघं लियॉनला, एक न्यूअर्कला,
एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही,
एक बहुधा वारलाय
आणि त्याच्या वाट्याला आता पाच वारस.
तिथं निलगिरी उभी, खांद्याला खांदा लावून,
सालीच्या चिंध्या लोंबतायत,
खाली गुडघाभर पाला, चपलेखाली करकरणारा.
कायदा त्यांनाही आहे.
चार रजिस्टर पत्रं गेली, चारही परत आली,
शिक्क्यांनी भरून.

बांधाला लागून मात्र
पट्टाभर जागा साफ होती. विळ्याच्या खुणा.
"ती जमीन तुमची नाही," मी म्हणालो.
"आग विचारते का?" ती म्हणाली.
"एकोणीस पावलं गेले.
मग गुडघ्यांनी सांगितलं, आता बस."

जाताना तिनं बरणी पुढं केली.
गेल्या जूनमधली चेरी, दारूत मुरवलेली.
ड्युटीवर घेता येत नाही, मी म्हणालो.
"पिऊ नका. गाडीत ठेवा.
पुढच्या वर्षी देणार नाही,
तेव्हा आत्ताच काय ते."

पुढच्या घरी टेप काढला,
तर तीन मीटरपाशी अडकला.
डिंक.
नखानं खरवडला, पेट्रोलनं पुसला.
तरी अजून, कुठल्याही दारात,
तीनवर येऊन तो क्षणभर थांबतो,
मी हलका झटका देतो,
आणि मग पुढचे सत्तेचाळीस
आपसूक उलगडत जातात.